फ्रीरेडियस ३.२ : वाय-फायचा फुकट राखणदार, नैवेद्य वेगळा

आंब्याची कॅनिंग फॅक्टरी असो, काजूचा कारखाना असो की तारकर्लीच्या रिसॉर्टचं ऑफिस, भिंतीवर एक कागद हमखास चिकटवलेला असतो. वर वाय-फायचं नाव, खाली पासवर्ड. मार्चमध्ये हंगामी माणसं येतात, मृग लागला की गावी जातात, कागद तिथेच राहतो आणि पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये जातो. पासवर्ड बदलायचा म्हटलं तर बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि मालकांचे तीन फोन पुन्हा जोडत बसावं लागतं. म्हणून कोणी बदलत नाही. फ्रीरेडियस याच दुखण्यावरचं औषध आहे. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड, किंवा थेट सर्टिफिकेट, म्हणजे यंत्राचं डिजिटल ओळखपत्र. माणूस गेला की त्याची एक ओळ काढायची, बाकी कुणाला हात लावायचा नाही.

आमचं मत आधीच सांगतो : पाचपैकी चार. कापलेला एक गुण सॉफ्टवेअर कच्चं आहे म्हणून नाही. पॅकेज जसं येतं तसंच चालू केलं तर ते सुरक्षित असल्याचा भास देतं, म्हणून कापला.

हे आहे तरी काय

फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर आहे, म्हणजे नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचं ते ओळख पाहून ठरवणारा. १९९९ पासून चालू असलेला, मुक्त परवान्याचा, लिनक्सवर चालणारा. राउटरवर ‘डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ’ निवडलं की तो विचारतो, रेडियस सर्व्हरचा पत्ता काय? तिथे याचा पत्ता द्यायचा.

फोन आणि सर्व्हर यांच्यात जी बोलणी होतात त्यांचा साचा म्हणजे ईएपी. १९९८ साली तो प्रथम लिहिला गेला, आजचं रूप २००४ च्या आरएफसी ३७४८ या इंटरनेट मानकातलं. या साच्यात निरोपाचे प्रकार चारच : विचारणा, उत्तर, यश, अपयश. ओळख नेमकी कशी पटवायची हे साचा ठरवत नाही, ते आत बसणारी ‘पद्धत’ ठरवते. प्रत्येक पद्धतीला क्रमांक असतो : एमडी५ ला ४, टीएलएस ला १३, टीटीएलएस ला २१, पीईएपी ला २५. सर्व्हर एक पद्धत सुचवतो, फोनला ती नको असेल तर तो ‘नाही, मला २५ चालेल’ असं कळवतो. मधला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय सोडणारी डबी, यातलं काहीच समजून घेत नाही. फोनकडून आलेला निरोप रेडियसच्या पाकिटात घालून यूडीपी १८१२ वर पुढे पाठवतो, पोस्टमनसारखा. त्यामुळे उद्या पद्धत बदलली तरी माडीवरचा ॲक्सेस पॉइंट बदलावा लागत नाही. ओळख पटली की सर्व्हर आणि फोन दोघांकडे एकच गुप्त किल्ली तयार झालेली असते. सर्व्हर ती ॲक्सेस पॉइंटला देतो आणि तिच्यातूनच त्या एका फोनचं एन्क्रिप्शन सुरू होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुमची रहदारी उलगडता येत नाही ती यामुळे.

एक गंमत : टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतल्या ॲक्सेस पॉइंटच्या मॉडेलची नावंच ‘ईएपी’ने सुरू होतात. त्या नावाचा या प्रोटोकॉलशी संबंध नाही. पण एंटरप्राइझचा पर्याय त्यांत आहे, म्हणजे योगायोगाने काम होतं.

बसवताना

डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज एका आज्ञेत बसतं. त्यानंतर चार जागी हात घालावा लागतो.

पहिली जागा क्लायंट्सची फाइल. इथे क्लायंट म्हणजे फोन नव्हे, ॲक्सेस पॉइंट. प्रत्येकाचा आयपी आणि सामायिक गुप्त शब्द द्यायचा. नमुन्यातला ‘टेस्टिंग१२३’ ठेवलेली ठिकाणं कमी नाहीत. निदान २४ अक्षरांचा, यंत्राने काढलेला शब्द ठेवा. ॲक्सेस पॉइंटचा आयपी पक्का करा. वीज गेली, आली, राउटरने त्याला नवा आयपी दिला, की सर्व्हर ‘अननोन क्लायंट’ म्हणून त्याचं बोलणं कानाआड करतो आणि अख्खं ऑफिस बंद पडतं.

दुसरी जागा ईएपीची फाइल. मूळ पद्धत एमडी५ अशी लिहून येते. वाय-फायला ती निरुपयोगी, कारण तिच्यातून किल्ली तयार होत नाही. तिथे टीटीएलएस किंवा पीईएपी लिहा आणि एमडी५ चा भाग काढून टाका.

तिसरी जागा सर्टिफिकेट, त्यावर पुढे सविस्तर. चौथी जागा वापरणाऱ्यांची यादी. तीसेक माणसांपर्यंत साधी ऑथराइझ फाइल पुरते, फक्त बदल केल्यावर सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगावं लागतं. त्यापुढे डेटाबेस घ्या.

यादीत पासवर्ड कसा साठवायचा, हे पद्धतीवर ठरतं आणि इथे बरेच जण अडकतात. पीईएपीच्या आत एमएस-चॅप-व्ही२ चालतं. त्याला पासवर्ड उघडा तरी हवा किंवा एनटी हॅश या विंडोजच्या जुन्या सांकेतिक रूपात तरी. चांगला, मीठ घातलेला (प्रत्येक पासवर्डात वेगळी भर टाकून केलेला) हॅश ठेवायचा असेल तर टीटीएलएसच्या आत पॅप, म्हणजे पासवर्ड उघडा पाठवणारी जुनी पद्धत, घ्या. नावाने भिऊ नका. पासवर्ड टीएलएसच्या, म्हणजे वेबसाइट वापरतात त्याच एन्क्रिप्शनच्या, बोगद्यातून जातो आणि सर्व्हर तो हॅशशी ताडून पाहतो. अँड्रॉइडवर हे हाताने भरता येतं, विंडोजला ८ पासून जमतं, आयफोनला मात्र तयार प्रोफाइल फाइल पाठवलेली बरी.

सर्टिफिकेट : सगळा खेळ इथेच

फोनने आपला पासवर्ड द्यायच्या आधी ‘समोरचा सर्व्हर खरा आहे का’ हे पाहायला हवं. ते न पाहता जोडलेला फोन त्याच नावाच्या कुठल्याही नेटवर्कला बळी पडतो. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कोणी लॅपटॉपवर तुमच्या फॅक्टरीच्या नावाचं वाय-फाय उभं केलं, तर खिशातला फोन आपणहून तिथे जोडून घेऊ पाहील. आत एमएस-चॅप-व्ही२ असेल तर हाती लागलेल्या देवाणघेवाणीतून पासवर्डचा हॅश काढता येतो. २०१२ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत सुरक्षा-संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइकने हे काम डीईएस या जुन्या, कमकुवत एन्क्रिप्शनच्या एका किल्लीच्या शोधाएवढंच असल्याचं दाखवलं होतं. टीटीएलएस-पॅप असेल तर पासवर्ड उघडाच हाती जातो. म्हणजे दोन्हीकडे तटबंदी एकच : सर्टिफिकेटची तपासणी.

फ्रीरेडियस इथेच नवख्याला फसवतो. डेबियनचं पॅकेज ‘स्नेकऑइल’ नावाच्या तात्पुरत्या सर्टिफिकेटवर लगेच चालू होतं. फोन जोडले जातात, सगळे खूश. पण ते सर्टिफिकेट कुठलाच फोन ओळखत नाही, म्हणून सगळ्या फोनवर तपासणी बंद केलेली असते. सोबतच्या सर्ट्स फोल्डरमधल्या फायलींवरून स्वतःची सीए, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी यंत्रणा, बनवता येते आणि तोच योग्य रस्ता. मात्र त्या फायलींत मुदत ६० दिवसांची असते. १ मार्चला हौसेने सर्टिफिकेट बनवलंत तर ते ३० एप्रिलला संपेल, म्हणजे हापूसच्या ऐन भरात. मुदतीची ओळ आधी बदला : सीएला १० वर्षं, सर्व्हरला ७३० दिवस. ॲपलने आयओएस १३ पासून टीएलएस सर्व्हर सर्टिफिकेटला ८२५ दिवसांची मर्यादा घातली आहे, त्याच्या आतच राहा. सर्व्हर सर्टिफिकेटात ‘सर्व्हर ऑथेंटिकेशन’चा उद्देश नोंदलेला हवा, नाहीतर विंडोज अडून बसतं. नमुना फायलींतला ‘व्हॉटएव्हर’ हा पासवर्डही बदला.

फुकट मिळणारं ९० दिवसांचं सार्वजनिक सर्टिफिकेट इथे लावू नये असं आमचं मत. दर नूतनीकरणाला प्रोफाइल नसलेले आयफोन ‘विश्वास ठेवू का?’ विचारतात, आणि माणसं न वाचता ‘हो’ म्हणायला शिकतात.

फोनवर तीन गोष्टी भरायच्या : सीएचं सर्टिफिकेट, सर्व्हरचं डोमेन नाव आणि बाहेरची ओळख. ही तिसरी ओळख बोगद्याच्या बाहेरून उघडी जाते, म्हणून तिथे खरं नाव न लिहिता ‘अनॉनिमस’ लिहा. जुन्या अँड्रॉइडवर ‘तपासू नका’ असा पर्याय होता. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेल फोनवरून तो गेला. अँड्रॉइड १३ मध्ये ‘पहिल्यांदा दिसेल त्यावर विश्वास’ असा मधला मार्ग आला. तो वापरायचा तर पहिली जोडणी फॅक्टरीच्या आवारात, आपल्या देखत करून घ्या.

मालकीच्या लॅपटॉपवर आणि बिलिंगच्या यंत्रांवर पासवर्ड ठेवूच नका. तिथे ईएपी-टीएलएस, म्हणजे दोन्ही बाजूंना सर्टिफिकेट. चोरायला पासवर्डच नसतो. लॅपटॉप हरवला तर त्याचं सर्टिफिकेट रद्दयादीत टाकायचं. पण त्या यादीलाही मुदत असते, नमुन्यात ३० दिवस. यादी शिळी झाली की सर्व्हर एकट्या चोराला नाही, सगळ्यांनाच नाकारतो. तिच्या नूतनीकरणाचं काम क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीला) लावून द्या, कॅलेंडरवर विसंबू नका.

कोकणचं पाणी लागल्यावर

बरेच जण रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर बसवतात. तीसेक माणसांना तो सहज पुरतो. अडचण घड्याळाची. पाय ४ पर्यंत त्याला स्वतःचं घड्याळ नाही, ५ वर आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. हंगाम संपल्यावर जूनमध्ये बंद केलेला पाय फेब्रुवारीत चालू केला आणि फायबर अजून जोडलेलं नसेल, तर तो स्वतःला जूनमध्येच समजतो. मग ऑफिसच्या लॅपटॉपवर काल बनवलेली सर्टिफिकेटं त्याला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात आणि तो ती फेकतो. डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ घालू नका, चार्ज होणारा एलआयआर२०३२ घाला.

त्यापेक्षा सोपं सुचवतो : जुना लॅपटॉप. घड्याळ आत, बॅटरी आत, म्हणजे महावितरणच्या लहरीवर उतारा फुकटात. बॅटरी फुगलेली नाही एवढं पाहून घ्या.

सर्व्हर त्याच इमारतीत ठेवा. देवगडच्या गोदामातला ॲक्सेस पॉइंट रत्नागिरीच्या सर्व्हरला विचारत असेल, तर पावसात फायबर तुटली की गोदामातल्या गोदामातलं वाय-फायही बंद. दूरचा सर्व्हर ठेवावाच लागला तर साधं रेडियस उघड्या इंटरनेटवर सोडू नका. व्हीपीएन किंवा टीसीपी २०८३ वरचं रॅडसेक, म्हणजे टीएलएसमधून जाणारं रेडियस, घ्या. व्हीपीएनमध्ये आणखी एक दुखणं उद्भवतं : सर्टिफिकेटची साखळी लांब असली की पाकिटं मोठी होतात आणि वाटेत गळतात. लक्षण ओळखता येतं. नकार येत नाही, चार-पाच फेऱ्या होतात आणि मग शांतता. ईएपी फाइलमधला तुकड्याचा आकार १०२४ वरून उतरवून पाहा. नवीनच बनवत असाल तर आरएसएऐवजी एलिप्टिक कर्व्हची सर्टिफिकेटं घ्या, ती लहान असतात.

बिघाड शोधणं

इथे फ्रीरेडियसला पूर्ण गुण. सेवा थांबवून, आज्ञेपुढे उणे चिन्ह आणि कॅपिटल एक्स लावून चालवला की तो प्रत्येक पायरी बोलून दाखवतो. मजकूर लांबलचक असतो, पण शेवटून वर वाचत गेलं की कारण सापडतं. ‘अननोन सीए’ दिसलं तर फोनमध्ये सीए नाही. ‘मेसेज ऑथेंटिकेटर’ चुकीचा म्हटलं तर सामायिक गुप्त शब्द जुळत नाही. काहीच दिसत नसेल तर पाकीट सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, फायरवॉल पाहा. फोन हाती नसताना चाचणी घ्यायला ईएपीओएल-टेस्ट हे साधन वापरा. रॅडटेस्ट मुख्यतः साधा पासवर्ड तपासतं, टीटीएलएस किंवा पीईएपीबद्दल त्यावरून काही कळत नाही.

कामगार, ऑफिस आणि मालक यांना वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच यंत्रणेवरच्या वेगळ्या नेटवर्कांत) घालता येतं. उत्तरात तीन गुणधर्म पाठवायचे : टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६ आणि व्हीलॅनचा क्रमांक. हे बोगद्याच्या आतल्या उत्तरात लिहिलं तर ते बाहेर येत नाही आणि सगळे एकाच व्हीलॅनमध्ये जाऊन पडतात. इनर-टनेल फाइलच्या पोस्ट-ऑथ भागात ‘इफ’च्या कंसात शून्य आहे, तिथे एक करा. तासभर डोकं खाजवायला लावणारी ही एका अंकाची गोष्ट आहे.

कामावरून काढलेला माणूस यादीतून काढला तरी जोडलेला फोन लगेच तुटत नाही, पुढच्या ओळख-तपासणीपर्यंत चालू राहतो. सेशन-टाइमआउट ३६०० सेकंद ठेवला तर तासाभरात निकाल लागतो.

जुलै २०२४ मध्ये रेडियस प्रोटोकॉलातच ‘ब्लास्ट-रेडियस’ नावाची फट उघड झाली. ईएपीच्या देवाणघेवाणीला तिचा धोका नाही, कारण तिथे मेसेज-ऑथेंटिकेटर आधीपासून सक्तीचा आहे. तरी त्याच सर्व्हरवर राउटरचे ॲडमिन लॉगिन चालवत असाल तर ३.२.५ किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि क्लायंट्सच्या फाइलमध्ये तो सक्तीचा करा.

कोणी घेऊ नये

एक-दोन रात्रींच्या पाहुण्यांसाठी होमस्टेवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. सोलकढीचा पेला हाती देतानाच पाहुणा पासवर्ड मागतो, त्याला सीए सर्टिफिकेट बसवायला सांगणार का? पाहुण्यांना वेगळं नेटवर्क आणि महिन्याला बदलणारा साधा पासवर्ड पुरे. बहुतेक साधे प्रिंटर, कॅमेरे आणि स्मार्ट टीव्ही यांना ईएपी येतच नाही. त्यांच्यासाठी तिसरं, इंटरनेटपासून तोडलेलं नेटवर्क ठेवा.

आणि सर्ट्स फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर, तीही दुसऱ्या इमारतीत. वीज पडून डिस्क गेली आणि सीएची किल्ली तिच्यासोबत गेली, तर नवी सीए बनवून प्रत्येक फोन पुन्हा हाती घ्यावा लागतो.