हातड्रिलची केबल: पीव्हीसी की स्क्रीनवाली रबरी?

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी उघड्या, म्हणजे वरूनच खणलेल्या. त्यामुळे डिचोली-साखळीकडच्या वायरमनला भूमिगत खाणीतल्या हातड्रिलची केबल सहसा हाताळावी लागत नाही. कोळशाच्या खाणीत कामाला जाणाऱ्याने मात्र दोन्हींतला फरक ओळखावा.

दुकानात मिळते ती साधी पीव्हीसी. स्वस्त, हलकी, वर्कशॉपच्या ड्रिलला उत्तम. पण सतत वाकवली, दगडावरून ओढली की आवरण सोलवटतं, आणि पेटली तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो. बंद बोगद्यात हा धूर जाणार कुठे?

खाणीसाठीच्या रबरी केबलचं खरं मोल तिच्या आत आहे. तीन पॉवर कोर (वीज नेणाऱ्या तारा), एक अर्थ (जमिनीला जोडलेली तार), एक पायलट (जोडणी शाबूत आहे का हे पॅनेलला कळवणारी तार). प्रत्येक पॉवर कोरभोवती अर्थला जोडलेली स्क्रीन, म्हणजे वीजवाहक वेष्टण. अणकुचीदार दगड आत घुसला तर कोरआधी तो स्क्रीनला भिडतो. कोरला लागताच करंट अर्थकडे वळतो, अर्थ लीकेज रिले (अर्थकडे गळणारा करंट ओळखणारं उपकरण) सप्लाय तोडतो, आणि दोन फेज एकमेकांना भिडून मोठी ठिणगी उडायचा धोका खूप कमी होतो. मिथेन असलेल्या जागी याहून महत्त्वाचं काही नाही. पायलट तुटला किंवा प्लग निघाला तरी पॅनेल बंद पडतं. भारतात हातड्रिलला १२५ व्होल्टच देतात, पण मिथेन पेटवायला तेवढेही पुरतात.

रबरी केबल जड आणि महाग, हे खरंच. आणि गुंडाळी तशीच ठेवून ड्रिल चालवलं तर तापतात दोन्ही.

चिऱ्यांच्या खाणीत, पावसाळ्याच्या चिखलात, मी तरी रबरीच घेईन.