गावच्या घराला कॅमेरे: नऊ महिन्यांनंतर

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आई-अण्णा दोघंच असतात, आम्ही ठाण्याला. गेल्या मे महिन्यात तिथे चार कॅमेरे बसवले. कोणत्या कंपनीचे घ्यायचे यावर महिनाभर डोकं खपवलं आणि केबलबद्दल फिटिंगवाल्याला एक प्रश्न विचारला नाही. पुढचा पहिला मोठा त्रास तिथूनच झाला.

आधी एक वायफाय कॅमेरा नेऊन पाहिला होता. राउटर माजघरात, भिंती जाड चिऱ्याच्या. बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, सिग्नल पोचेना. म्हणून २ मेगापिक्सेलचे केबलवाले आयपी कॅमेरे आणि रेकॉर्डर घेतला. चित्र आणि वीज एकाच लॅन केबलमधून जाते, कॅमेऱ्याजवळ प्लग लागत नाही. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर चौघांचं अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं. आम्हाला तेवढं पुरतं.

जूनमध्ये बेड्याचा कॅमेरा काळोख झाला की बंद पडायला लागला. उजाडलं की आपोआप चालू. फिटिंगवाल्याने कॅमेरा बदलून दिला, तरी तेच. शेवटी मी केबलचं टोक सोलून तार पात्याने खरवडली, तर आत पांढरी: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. रात्री अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो, आणि लांबवर गेलेल्या अशा तारेत व्होल्टेज पडतं. निखळ तांब्याची केबल टाकल्यापासून तो एकदाही बंद पडलेला नाही. तुम्ही केबल भिंतीवर चढायच्या आधीच खरवडून बघा.

पावसात पडवीतला घुमटाकार कॅमेरा रात्री निकामी व्हायचा. पागोळ्यांचे शिंतोडे काचेवर बसायचे, त्याचाच दिवा थेंबांवरून उलटा फिरायचा आणि चित्र पांढरंफटक. नळीसारखा बुलेट कॅमेरा वाशाखाली आत सरकवून लावला, तेव्हा थांबलं. कॅमेऱ्यासमोर कोळी जाळं विणतो, आणि ते वाऱ्याने हललं की मोबाइल वाजतो. एका रात्री चाळीस वेळा वाजला. आता सूचना फक्त माणूस दिसला तर येते, आणि अण्णा दर रविवारी केरसुणी फिरवतात.

बेड्यावर सुरुवातीला २.८ मिमीची लेन्स होती. गडगा, रस्ता, अर्धी बाग, सगळं दिसायचं, पण पंधरा फुटांपलीकडचा चेहरा ओळखू येत नसे. ६ मिमीची घेतली. बाग गेली, चेहरे आले. बेड्याला हेच हवं.

माजघरातल्या कॅमेऱ्याबद्दल मात्र चूक माझी. आई पडली-बिडली तर कळावं म्हणून लावला होता. ती काही बोलली नाही, पण जुलैत गेलो तेव्हा तिच्या वावरण्यात अवघडलेपण दिसलं. दुपारी ती तिथे आडवीसुद्धा होत नव्हती. त्याच दिवशी तो काढून मांगराकडे (घराबाहेरच्या शेडकडे) लावला. अजूनही मला त्याचं वाईट वाटतं. रेकॉर्डरचा पासवर्डही त्याच भेटीत बदलला, तोवर तो फिटिंगवाल्याकडे होता.

रेकॉर्डर, राउटर आणि कॅमेरे इन्व्हर्टरवर आहेत, लाइट गेली तरी रात्र निघते. ऑक्टोबरच्या विजांत मात्र मांगराच्या केबलमधून झटका येऊन रेकॉर्डरचं एक पोर्ट जळलं. अर्थिंग करून घेतलंय. त्या केबलला सर्ज प्रोटेक्टर बसवायचा राहिलाय, तो मे महिन्यात, पावसाच्या आधी.