जुन्या फोनचा डॅशकॅम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने माझा जुना अँड्रॉइड फोन गाडीच्या समोरच्या काचेवर डॅशकॅम, म्हणजे पुढचा रस्ता सतत चित्रित करणारा कॅमेरा, म्हणून काम करत होता. 'होता' असे का म्हणते आहे, ते पुढे येईलच. ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या फोनला चांगला कॅमेरा आहे, जीपीएस आहे, धक्का ओळखणारा सेन्सर आहे, मग वेगळे उपकरण कशाला घ्यायचे, असा साधा हिशोब मी केला होता. चित्राच्या बाबतीत तो बरोबर ठरला, उष्णतेच्या बाबतीत मात्र साफ चुकला.

पहिले दोन आठवडे रोजच्या वापरातलाच फोन लावून पाहिला आणि तो नाद लगेच सोडला. फोन आला की आवाजाचे रेकॉर्डिंग तुटायचे आणि नकाशा उघडला की कधी कधी चित्रीकरणच थांबायचे. अँड्रॉइड ९ पासून पार्श्वभूमीत गेलेल्या अ‍ॅपला कॅमेरा मिळत नाही. सतत सूचना दाखवत चालणारी सेवा अ‍ॅपमध्ये नीट केलेली असेल तरच काम चालू राहते. म्हणून पुढे सिम नसलेला, फक्त याच कामाचा फोन लावला.

फोन आरशामागे, काचेला जितका चिकटून बसेल तितका चांगला. काच आणि लेन्स यांत अंतर राहिले की डॅशबोर्डचे प्रतिबिंब चित्रावर उमटते. डॅशबोर्डवर काळे, चमक नसलेले कापड अंथरल्यावर माझा हा त्रास जवळजवळ संपला. दुसरी महत्त्वाची गोष्ट फोकसची. ऑटोफोकस चालू ठेवला, तर पावसात कॅमेरा काचेवरचे थेंब स्पष्ट दाखवतो आणि रस्ता धूसर करतो, म्हणून फोकस अनंतावर, म्हणजे दूरच्या दृश्यावर, पक्का करणारे अ‍ॅपच निवडावे. दुचाकीवर फोन लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : मोठ्या इंजिनाच्या कंपनांमुळे कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने २०२१ साली दिला होता.

सेटिंगमध्ये मी १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती, १० मेगाबिट ठेवला. याने तासाला सुमारे साडेचार जीबी जागा लागते. २० जीबीची मर्यादा घातल्यामुळे शेवटचे साधारण साडेचार तास शिल्लक राहत आणि त्याआधीचे आपोआप पुसले जाई. हे पुसले जाणे मला योग्यच वाटते, कारण रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे चित्रण साठवून ठेवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने मे २०१८ मध्ये डॅशकॅमचे चित्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले, तेव्हाही कारणाशिवाय सलग चित्रीकरण करत राहणे माहिती संरक्षणाच्या नियमांत बसत नाही, असे स्पष्ट केले होते. क्लिपची लांबी मात्र एक मिनिटाचीच ठेवावी. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा फाइल बंद होताना लिहिली जाते; मध्येच फोन बंद पडला तर ती अर्धवट क्लिप उघडतच नाही. सुरुवातीला पाच मिनिटांच्या क्लिप ठेवल्याने माझ्या अशा दोन क्लिप वाया गेल्या.

हे सगळे कशासाठी, याचे उत्तर चौथ्या महिन्यात मिळाले. चढावरच्या सिग्नलला मी थांबले होते. हिरवा दिवा लागताच समोरची गाडी पुढे जाण्याऐवजी मागे घरंगळली आणि तिचा बंपर माझ्या बंपरला टेकला. चालक उतरले आणि मीच मागून धडक दिली, असे ठामपणे सांगू लागले. मी फोन होल्डरमधून काढून त्यांच्यासमोर धरला. फ्रेमच्या खालच्या कडेला माझ्या बॉनेटची कड होती आणि बाजूला रस्त्यावरची पांढरी रेषा; त्या दोन्ही एकमेकींपासून तसूभरही हलल्या नव्हत्या आणि समोरची गाडी मात्र हळूहळू मोठी होत आली होती. त्यांनी ती क्लिप दोनदा पाहिली आणि काही न बोलता ते गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून बॉनेटची कड चित्रात असू द्या, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. एरवी धक्का बसला की सेन्सरमुळे ती क्लिप पुसली न जाता राखून ठेवली जाते; तो धक्का मात्र इतका हलका होता, की सेन्सरने क्लिप राखून ठेवलीच नव्हती. मीच बटण दाबून ती जपली.

रात्री एवढी अपेक्षा ठेवू नये. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. अंधारात शटर १/३० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात गाडी ३७ सेंटीमीटर सरकते आणि नंबरप्लेटवरची अक्षरे एकमेकांत मिसळून जातात. घटना कशी घडली ते दिसते, कोणाची गाडी होती ते बहुधा वाचता येत नाही.

आता उष्णता. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, आणि इतर फोनच्या बॅटऱ्याही त्याच लिथियम-आयन जातीच्या आहेत. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. त्यात काचेतून येणारे थेट ऊन, चालू कॅमेरा आणि चार्जिंग, असे तिहेरी ओझे फोनवर पडते. उन्हाळ्यात दुपारी वीस-पंचवीस मिनिटांत आधी स्क्रीन मंद होई, मग चार्जिंग थांबे आणि शेवटी अ‍ॅप बंद पडे. स्क्रीन काळी ठेवणे, फोनचे कव्हर काढणे, एसीची हवा काचेकडे वळवणे आणि कमी वेगाचा चार्जर लावणे, या उपायांनी ही वेळ दुपटीने वाढली, पण प्रश्न मिटला नाही. वायरलेस चार्जिंग या कामासाठी लावूच नये. त्याने फोन आणखी तापतो. आणि गाडी उभी केल्यावर फोन तिथे ठेवायचाच नाही, हा नियम मी नेहमीच पाळला असे नाही.

नवव्या महिन्यात एका सकाळी फोन होल्डरमध्ये बसेना. टेबलावर ठेवला, तर मागचे झाकण कडेला नखभर उचललेले दिसले आणि फोन बोटाने डोलत होता. बॅटरी फुगली होती. तो त्याच दिवशी बंद करून ई-कचरा केंद्रात दिला. अशा फोनला पुन्हा चार्जिंगला लावू नये, झाकण दाबून बसवू नये आणि तो साध्या कचऱ्यातही टाकू नये.

ज्यांची गाडी सावलीत उभी राहते, फेऱ्या अर्ध्या तासाच्या आहेत आणि उतरताना फोन बरोबर नेण्याची सवय आहे, त्यांना जुना फोन आजही उपयोगी पडेल. माझी गाडी दिवसभर उघड्यावर असते. म्हणून मी आता बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा आणि उष्णता जास्त सोसणारा भाग, असलेला डॅशकॅम लावला आहे. त्याचे चित्र माझ्या फोनइतके देखणे नाही, पण परवा भर दुपारी गाडी सुरू करताच त्याचा लाल दिवा लागला आणि प्रवास संपेपर्यंत तो विझला नाही.