विचफाइंडर जनरल की ब्लड ऑन सेटन्स क्लॉ: आधी कोणता पाहावा?

चेटकिणींच्या शिकारीचे आणि सैतानपूजेचे जुने युरोपीय भयपट पाहायचे म्हटलं की दोन ब्रिटिश नावं हमखास पुढे येतात. मायकेल रीव्ह्जचा 'विचफाइंडर जनरल' (१९६८) आणि पिअर्स हॅगार्डचा 'द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ' (१९७१). दोन्ही टायगॉन या एकाच छोट्या कंपनीचे, दोन्ही दीड तासाच्या आसपासचे, दोन्हीकडे इंग्लंडची हिरवीगार शेतं आणि खेडी. त्यामुळे एक पाहिला की दुसराही तसाच असणार असं वाटतं. पण पहिल्यात सैतान कुठेच नाही आणि दुसऱ्यात तो नांगराच्या फाळाला लागून शेतातून वर येतो. निवड करायची ती या फरकावर.

'विचफाइंडर' घडतो १६४५ मध्ये. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटलेली, कायदा नावापुरता उरलेला. अशा वेळी मॅथ्यू हॉपकिन्स गावोगाव फिरून चेटकिणी 'शोधून' देतो आणि त्याचे पैसे घेतो. हा माणूस इतिहासात खरोखर होऊन गेला. त्याच्या आणि जॉन स्टर्न या साथीदाराच्या मोहिमेत पूर्व इंग्लंडमधली किमान शंभर माणसं फासावर गेली. चित्रपट इतिहासाशी पूर्ण प्रामाणिक नाही. खरा हॉपकिन्स तेव्हा विशीत होता, पडद्यावरचा व्हिन्सेंट प्राइस चित्रीकरणावेळी छप्पन्न वर्षांचा. खरा १६४७ मध्ये आजारपणाने गेला, चित्रपटात त्याचा शेवट वेगळा आहे. इंग्लंडमध्ये चेटकिणींना साधारणपणे फाशी देत, इथे एका बाईला दोराने आगीत सोडताना दाखवलंय.

तरीही हा चित्रपट खरा वाटतो, आणि त्याचं मोठं श्रेय प्राइसचं. एरवी हा नट हातवारे, चढा आवाज, भुवया यांच्या जोरावर पडदा व्यापायचा. रीव्ह्जने त्याला ते काहीच करू दिलं नाही. चित्रीकरणात दोघांचे खटके उडाले, पण पडद्यावर जे उतरलं ते विलक्षण आहे. हा हॉपकिन्स ओरडत नाही. तो घोड्यावरून येतो, यादी बघतो, मोबदल्याचं बोलतो, पुढच्या गावाला जातो. पाद्री असलेल्या काकाला वाचवण्यासाठी सारा नावाची तरुणी स्वतःला त्याच्या हवाली करते, तेव्हा तो सौदाही तो तितक्याच थंडपणे करतो. तिला पुढे जे भोगावं लागतं ते बघवत नाही. तिच्या सैनिक प्रियकराचा सूड त्यालाच कसा आतून पोखरत जातो, हे दाखवताना रीव्ह्ज कुणालाच दिलासा देत नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, रीव्ह्ज गेला. त्याने अजून काय काय केलं असतं, याची हळहळ वाटते.

'सेटन्स क्लॉ' अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. राल्फ नावाच्या तरुणाला शेत नांगरताना एक विचित्र कवटी सापडते आणि गावातल्या पोरांच्या अंगावर केसाळ चामडीचे चट्टे उठू लागतात. एंजल ब्लेक ही मुलगी त्यांची म्होरकी बनते. लिंडा हेडनने ती अशी साकारलीय की चर्चमध्ये पाद्र्यासमोर उभी असतानाही ती धोकादायक वाटते. डिक बुशचा कॅमेरा वारंवार जमिनीलगत, गवतातून, ढेकळांतून बघतो आणि सगळी भीती मातीतून येते. कथा मात्र विस्कळीत आहे. मुळात तीन स्वतंत्र गोष्टी होत्या, त्या एकत्र शिवल्या आणि ती शिवण दिसते. पात्रं येतात, नाहीशी होतात. शेवटही घाईत उरकलाय.

दोन्हींत संशयित बाई चेटकीण आहे का हे तपासायला तिला पाण्यात टाकण्याचा प्रसंग आहे. तो शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'विचफाइंडर'मध्ये ती परीक्षा हा निव्वळ खुनाचा बहाणा. 'सेटन्स क्लॉ'मध्ये गावकरी मार्गारेट या मुलीला पाण्यात टाकतात, राल्फ तिला वाचवतो, आणि मग तिच्या अंगावर सैतानाची खूण खरंच सापडते. म्हणजे गावकऱ्यांचा संशय बरोबर होता! भयपट म्हणून ही कलाटणी जबरदस्त आहे. पण सातपुड्यात बाईला 'डाकीण' ठरवून मारल्याच्या बातम्या वाचलेल्या, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा किती झगडून आला हे पाहिलेल्या माणसाला ती सहज पचत नाही. मला पचली नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी 'विचफाइंडर' पाहा. फक्त वातावरणासाठी, ग्रामीण भयाच्या अनुभवासाठी पाहणार असाल, तर 'सेटन्स क्लॉ' सरस आहे. त्याची हिरवाई आणि मार्क विल्किन्सनचं संगीत बरेच दिवस डोक्यात राहतं.

दोन्हींत बलात्काराची दृश्यं आहेत. 'सेटन्स क्लॉ'मधलं तर लांबलेलं आणि फार अस्वस्थ करणारं. ते नको असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि कार्ल ड्रायरचा डॅनिश 'डे ऑफ रॅथ' (१९४३) घ्या. काळ १६२३ चा. म्हाताऱ्या पाद्र्याची तरुण बायको आपल्या सावत्र मुलाच्या प्रेमात पडते आणि आपल्या इच्छेने माणूस मरू शकतो का, असा संशय तिला स्वतःबद्दलच येऊ लागतो. नाझींच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये बनलेल्या या चित्रपटात रक्त जवळपास नाही. पण चेटकीण ठरवलेल्या वृद्ध हेर्लोफ्स मार्तेला शिडीला बांधून चितेवर ढकलतात आणि शेजारी मुलं स्तोत्र गातात, त्या प्रसंगापुढे मला टायगॉनचे दोन्ही चित्रपट फिके वाटतात. गती मात्र संथ आहे, घाईत असाल तर बसू नका.

'विचफाइंडर'ची प्रत निवडताना एक बघा. अमेरिकेत तो 'द कॉन्करर वर्म' या नावाने, कवी एडगर अॅलन पोच्या ओळी जोडून लावला गेला, आणि तिथल्या जुन्या व्हिडिओ प्रतींवर मूळ संगीत काढून सिंथेसायझरचं घातलंय. पॉल फेरिसचं वाद्यवृंदाचं संगीत असलेलीच प्रत घ्या. सफोकच्या त्या सुंदर माळांवर ती हळवी सुरावट वाजते तेव्हाच त्यातली क्रूरता खरी बोचते.