दीक्षा, स्टोरीवीव्हर, फेट की अरविंद गुप्ता? एक मोबाईल आणि तीस मुलं असलेल्या वर्गासाठी

आमच्या केंद्रात नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षणसेवकाने शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "मॅडम, नेटवर सगळं फुकट आहे म्हणतात, पण सुरुवात कुठून करू?" त्यांची शाळा द्विशिक्षकी. रेंज येते ती फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात. मोबाईल एकच, तोही त्यांचा स्वतःचा. अशा शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

दीक्षा, म्हणजे सरकारचं शैक्षणिक ॲप, सगळ्यांच्या ओळखीची. 2017 च्या शिक्षकदिनी ती सुरू झाली. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच पाठाचं साहित्य समोर येतं. शोधाशोध वाचते आणि उद्याच्या पाठाच्या टाचणाला लगेच जोड मिळते. घरून डाउनलोड करून नेलं तर वर्गात रेंज लागत नाही. पण दर्जा पाठागणिक बदलतो. काही व्हिडिओंत पुस्तकातलाच मजकूर वाचून दाखवलेला असतो, आणि तो तर मुलांच्या हातात आहेच. म्हणून आधी स्वतः शेवटपर्यंत पाहा, मगच वर्गात लावा.

वाचनासाठी मात्र मी स्टोरीवीव्हरलाच पुढे ठेवीन. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात मराठी चित्रगोष्टी भरपूर आहेत आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत पानावर एखाददुसरं सोपं वाक्य असतं, चौथीत लांब गोष्टी येतात. तिसरीच्या वर्गात एक मूल अक्षरं जुळवत असतं आणि शेजारचं सलग वाचत असतं, तिथे ही विभागणी फार उपयोगी पडते. शिवाय गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. छापा, वाटा, भाषांतर करा, फक्त मूळ लेखक-चित्रकारांचं नाव ठेवा. मेळघाटातल्या शिक्षकाला एखादी गोष्ट आपल्या मुलांसाठी कोरकूत आणायची असली तर कुणाकडे अर्ज करावा लागत नाही. एक सावधगिरी हवी. भाषांतर कुणीही करू शकतो, त्यामुळे काही गोष्टींचं मराठी अडखळतं. मोठ्याने एकदा वाचलं की लगेच कळतं.

विज्ञान-गणितासाठी खरी निवड दोघांत आहे. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा, पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचा प्रकल्प. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो 2002 मध्ये सुरू केला, आणि त्यातले बरेच प्रयोग आता मराठीत आहेत. विद्युत परिपथाच्या प्रयोगात बॅटरी, वायर, बल्ब जोडून परिपथ पुरा केला की वायरीतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट फळ्यावर बाण काढून इतकी स्पष्ट होत नाही. प्रयोगाची फाइल उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. अडचण एकच, मोबाईलवर बोट एकाचं फिरतं आणि एकोणतीस जण बघत राहतात. शाळेत टीव्ही किंवा लॅपटॉप असेल आणि वर्ग सहावी ते आठवीचे असतील, तर जरूर घ्या.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर उलट आहे. मोबाईल फक्त तुम्ही बघायचा, आदल्या रात्री. वर्गात लागतात आगकाड्या, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं. मराठी पुस्तकंही तिथे मोफत उतरवता येतात. वीमन यांचा इलेक्ट्रॉन इथे मिळणार नाही, पण प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी असतं, आणि लहान वर्गांत मला ते जास्त मोलाचं वाटतं.

गेल्या वर्षी मी आगकाड्यांचे गुल काढून टाकले, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि चौथीला आकार जोडायला दिले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी तसाच. चार काड्यांचा चौकोन मात्र हात लागला की कलायचा. एक मुलगी दोन्ही हातांत दोन आकार धरून बराच वेळ बसली. मग वर बघून म्हणाली, "बाई, कैचीत पण त्रिकोणच आहेत." पत्र्याखालच्या लोखंडी कैचीकडे सगळा वर्ग मान वर करून बघत राहिला. तोवर तिने चौकोनात तिरकी काडी बसवून तो घट्टही केला होता. इतकी वर्षं त्याच छताखाली शिकवते, पण धड्यात ती कैची आणायचं मला कधी सुचलं नव्हतं.

त्या शिक्षणसेवकांकडे पहिली ते चौथी आहे. त्यांना म्हटलं, "सर, दीक्षा टाचणापुरती ठेवा, फेट तुमच्याकडे टीव्ही येईपर्यंत राहू द्या. रविवारी तालुक्याला जाल तेव्हा स्टोरीवीव्हरच्या पहिल्या पातळीच्या दहा गोष्टी छापून आणा आणि सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब."