लग्न ‘पुट ऑफ’ झालं की ‘कॉल ऑफ’?

ठरलेला कार्यक्रम ठरल्या दिवशी होणार नाही, एवढंच या दोहोंत सारखं. निवड करताना आधी मराठीत विचारावं: पुढे ढकललंय की रद्द केलंय? पुढे ढकललं तर पुट ऑफ, रद्द केलं तर कॉल ऑफ. टोकियो ऑलिंपिक 2020 मध्ये पुट ऑफ झालं आणि जुलै 2021 मध्ये भरलं. 2020 चीच विम्बल्डन मात्र कॉल ऑफ झाली, म्हणजे झालीच नाही. मुहूर्त नुसता बदललेला असताना ‘द वेडिंग इज कॉल्ड ऑफ’ असा निरोप गेला, तर नातेवाईक लग्न मोडलं असंच समजतील.

कॉल ऑफ चालू गोष्टीलाही लागतं: संप, शोधमोहीम, आंदोलन. तिथे त्याचा अर्थ ‘मागे घेणे’. चौरीचौरानंतर फेब्रुवारी 1922 मध्ये गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतलं, ते इंग्रजीत ‘कॉल्ड ऑफ’.

पुट ऑफ जास्त चकवतं. त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं: ‘आय पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’, ‘टु गो’ चूक. सर्वनाम मधे बसतं: ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. (हा नियम कॉल ऑफलाही लागू.) नवी तारीख सांगताना ‘टिल फ्रायडे’, किती दिवसांनी ढकललं ते सांगताना ‘बाय टू डेज’. कर्म म्हणून माणूस आला की अर्थच बदलतो. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ म्हणजे तो मला टोलवत राहतो. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासानेच खाण्यावरून मन उडालं. दिव्यासाठी मात्र ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणावं. ‘पुट ऑफ द लाइट’ आपल्याकडे सर्रास चालतं, भारताबाहेर ते सगळीकडे रूढ नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा आपल्या ‘पुढे’ या शब्दामुळे होतो. मीटिंग पुढे ढकलली म्हणून आपण ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ लिहून मोकळे होतो. पण ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे घेणं, आणि पुढे ढकलण्याला इंग्रजीत ‘पुश बॅक’ म्हणतात, चक्क मागे! बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली असं सांगितलं, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. ‘प्रीपोन’ हा शब्द भारतात बिनधास्त वापरावा, ऑक्सफर्डच्या शब्दकोशात तो भारतीय इंग्रजी म्हणून आहे. परदेशी ग्राहकाला मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावं.

ऑफिसच्या औपचारिक पत्रात ‘पोस्टपोन’ आणि ‘कॅन्सल’ जास्त शोभतात. त्यातही ‘पोस्टपोन टु अ लेटर डेट’ तारीख ठरलेली नसेल तेव्हाच. ती ठरली असेल तर वार आणि तारीख दोन्ही लिहावं: ‘पोस्टपोन्ड फ्रॉम वेन्सडे, 10 जून टु फ्रायडे, 12 जून’.