दोन रब्बी, तीन जाती आणि डीएपीचं पोतं: इंदूरच्या काळ्या मातीतला अनुभव

आमचं घर रामबागेत आणि शेत सांवेर तालुक्यात. खरिपात सोयाबीन, रब्बीत बटाटा, हा क्रम बाबांच्या काळापासून चालत आलाय. आजोबा बटाट्याची ‘कुफरी लवकर’ ही जात लावायचे. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने 1972 साली ही जात काढली आणि तिच्या नावात चक्क आपला मराठी शब्द आहे, याचं त्यांना फार कौतुक होतं. आता आमच्याकडे ज्योती, पुखराज आणि चिप्सोना या तीन जाती असतात. गेल्या दोन रब्बींमध्ये या तिघींना स्फुरद (फॉस्फरस) देऊन काय दिसलं, ते लिहितोय, कारण आजही गावात जात कुठलीही असो, एकरी तीन-चार पोती डीएपी (स्फुरद आणि नत्र, म्हणजे नायट्रोजन, असलेलं खत) टाकलं जातं.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. एकरी तीन पोती फेकून दिली, रोटाव्हेटर फिरवला आणि सऱ्या पाडल्या. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद असतं, म्हणजे एकरी 69 किलो झालं. आमच्याकडे बटाट्याला हेक्टरी 80 ते 100 किलो सांगतात, ते एकरी फक्त 32 ते 40 येतं. म्हणजे दीड पोतं. मी त्याच्या दुप्पट टाकलं होतं आणि डिसेंबरात चिप्सोनाची पानं फिकट पडली. खताच्या दुकानदाराने झिंक सल्फेट (जस्ताचं खत) त्याच डीएपीत कालवून टाका म्हणून सांगितलं होतं. तो सल्ला सरळ चुकीचा होता. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की दोघंही अडकून बसतात, शिवाय जादा स्फुरदाने पिकाला जस्त मिळणं आणखी कमी होतं. दोन्ही खतांचे पैसे गेले आणि पीकही मागे पडलं. याचा राग अजून आहे.

त्यानंतर मातीचा नमुना दिला. स्फुरद मध्यम, सामू (पीएच) आठच्या आसपास. आपली काळी माती चुनखडीची. तिच्यात स्फुरद कॅल्शियमला चिकटतं आणि जिथे पडलं तिथून जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. बटाट्याची मुळं उथळ, बहुतेक वरच्या फूटभर मातीतच. त्यामुळे रानभर फेकलेलं खत मुळाला भेटतच नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक जातीत चार पट्टे केले. एकात स्फुरद अजिबात नाही, दुसऱ्यात एकरी दीड पोतं डीएपी, तिसऱ्यात तीन पोती आणि चौथ्यात साडेचार पोती सिंगल सुपर फॉस्फेट. सुपरमध्ये स्फुरद 16 टक्केच असतं, म्हणून तीन पोती सुपर बरोबर एक पोतं डीएपी असा हिशोब. नत्राचा फरक युरियाने भरून काढला, नाहीतर तुलनेला अर्थच उरत नाही. खत सरीत, बेण्याच्या खाली आणि थोडं बाजूला. मध्ये दोन बोटं माती. खत कापलेल्या बेण्याला लागलं तर डोळा जळतो. शेतावरचे दादा सुरुवातीला म्हणाले, “भैया, इतनी मेहनत कौन करेगा?” आणि मग स्वतःच दोरी धरून पट्टे आखायला उभे राहिले.

पंचेचाळिसाव्या दिवशी प्रत्येक पट्ट्यातली काही झाडं मी हाताने उकरली. ज्योतीच्या बिनस्फुरदाच्या पट्ट्यात झाड बुटकं, पान गडद पण निस्तेज, कडा वर वळलेल्या. मुळाशी हरभऱ्याएवढे चार-पाच बटाटे. शेजारच्या दीड पोत्याच्या पट्ट्यात त्याच वयाच्या झाडाला नऊ-दहा, काही सुपारीएवढे. बादलीत धुऊन दोन्ही ढीग बांधावर ठेवले, तेव्हा दादा कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. स्फुरदाचं खरं काम तिथे कळलं: ते मुख्यतः बटाट्यांची संख्या वाढवतं, आणि तीही सुरुवातीला, गाठी धरतानाच. उशिरा दिलेलं स्फुरद ते करू शकत नाही. थंडीत जमीन गार पडली की मुळं स्फुरद आणखी हळू घेतात, म्हणून नोव्हेंबर उलटल्यावर लावणाऱ्यांना ते सरीत देणं जास्तच गरजेचं.

पुखराज वेगळीच निघाली. बिनस्फुरदाचा पट्टा आणि दीड पोत्याचा पट्टा, काढणीला फरक अगदी थोडा. तीन पोत्यांत तर वाढ काहीच नाही. जातींची मुळं सारखी नसतात. जिची मुळं आणि केसमुळं जास्त पसरतात, ती मातीत आधीच असलेलं स्फुरद जास्त ओढते. पुखराज लवकर तयार होते, म्हणून तिला जास्त खत लागेल असं मला वाटायचं. माझ्या रानात उलटं झालं.

ज्योतीला दीड पोत्याचा स्पष्ट फायदा, तिसऱ्या पोत्याचा शून्य. चिप्सोनाने सर्वांत जास्त प्रतिसाद दिला. तीन पोत्यांच्या पट्ट्यात तिचे बटाटे संख्येने आणखी थोडे वाढले, पण वाढले ते गुल्ला आणि छर्री, म्हणजे लहान आणि अगदी बारीक बटाटे. चोइथराम मंडीत माल ढिगाढिगाने निवडला जातो. मोठ्या, ‘सुपर’ बटाट्याचा भाव आणि गुल्ल्याचा भाव यांत मोठं अंतर असतं. चिप्सवाल्याला तर मध्यम, गोल, वजनदार बटाटा लागतो. म्हणजे मी जादा पोतं विकत घेऊन स्वस्त माल वाढवला होता. बेण्यासाठी पीक घेणाऱ्याला मात्र हाच लहान आकार हवा असतो. त्याने चिप्सोनाला थोडं जास्त दिलं तर मी चूक म्हणणार नाही.

सुपरचा पट्टा ज्योतीत डीएपीच्या बरोबरीने आला, चिप्सोनात किंचित सरस. सुपरमध्ये 11 टक्के गंधकही असतं, आणि सोयाबीननंतरच्या आमच्या रानाला ते मानवतं. त्रास एकच, साडेचार पोती वाहायची आणि पेरायची मजुरी. पण ऑक्टोबरात सोसायटीसमोर डीएपीसाठी पहाटेपासून रांग लागते, तेव्हा सुपर सहज मिळतं. तो दिवस वाचतो, आणि लावणीच्या आठवड्यात दिवस वाचणं फार मोलाचं.

हा एका रानाचा अनुभव आहे. तुमच्या मातीत स्फुरद कमी असेल तर पुखराजही मागेल. आधी माती तपासून घ्या. एका पोत्याच्या किमतीपुढे तपासणीचा खर्च काहीच नाही. आमच्या इंदूरचं कृषी महाविद्यालय जिथे आहे, तिथेच 1924 पासून ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. काडीकचरा आणि शेण सरीत असलं की स्फुरद मातीला कमी चिकटतं, हेही या वर्षी करून बघायचंय. खड्डा भरून झालाय.

येत्या ऑक्टोबरसाठी ठरवलंय ते असं: पुखराजला एकरी पाऊण पोतं डीएपी, ज्योतीला दीड, चिप्सोनाला साडेचार पोती सुपर, आणि जस्त लावणीच्या पंधरा दिवस आधी वेगळं. चिप्सोनाचे दोन पट्टे बिनस्फुरदाचे ठेवणार आहे. दादांनी दोरी आणि खुंट्या आत्ताच काढून ठेवल्यात.